जेस्मिंडासाठी कोण रडले?

वारणानगरला आमची महिन्यातून एकदा अभ्यास बैठक होते. कॉलेजची पोरेपोरी, आजूबाजूच्या गावांतले कार्यकर्ते, दोन-तीन निवृत्त शिक्षक, एवढाच जमाव. त्या दिवशी विषय होता बाबासाहेबांचा १९१६ चा जातीवरचा निबंध. पण विषय सुरू होण्याआधीच वाद पेटला. कारण काय, तर एका मुलीच्या पिशवीतून डोकावणारे जाडजूड इंग्रजी पुस्तक.

एका ज्येष्ठ सरांनी ते हातात घेतले, मुखपृष्ठ पाहिले, मागचा मजकूर वाचला आणि म्हणाले, "बाळ, शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं ते ह्यासाठी व्हय? पऱ्या, राक्षस आणि लफडी वाचायला?" सगळे हसले. आम्हीही हसलो. मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही वाचलंय का हे? न वाचताच ठरवायचं, हे तर ते लोक आपल्या पुस्तकांचं करतात." हसू थांबले. बैठक पुढे चालली, पण ती आणि तिच्या दोन मैत्रिणी चहाच्या आधीच उठून गेल्या.

त्या दिवशी आम्ही चुकलो. चूक मान्य करायची तर पुस्तक वाचणे भाग होते. म्हणून आम्ही ते वाचले, त्याच्या आधीचा भागही वाचला. त्यानंतर जे दिसले ते इथे मांडतो आहोत. पुस्तकाचे परीक्षण करायला आम्ही बसलेलो नाही. आमचा मुद्दा वाचकांच्या प्रतिक्रियांचा आहे. त्या वाचकांत आपल्या पोरी आहेत, आणि आम्हीही आहोत.

पुस्तक आहे अमेरिकन लेखिका साराह जे. मास हिचे 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी'. २०१५ साली आलेल्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' या कादंबरीचा हा दुसरा भाग, ३ मे २०१६ रोजी प्रसिद्ध झालेला. अंधाऱ्या जादूच्या दुनियेतली प्रेमकथा. पहिल्या भागात फेयरा नावाची गरीब, शिकार करून घर चालवणारी माणसाची पोर टॅमलिन नावाच्या जादूच्या राजाच्या प्रेमात पडते. दुसऱ्या भागात तोच टॅमलिन तिला 'तुझ्या भल्यासाठी' घरात कोंडतो. भर लग्नाच्या दिवशी तिचे मन माघार घेते. शेवटी ती ते घर सोडते आणि पहिल्या भागात ज्याला सगळे खलनायक समजत होते त्या रिसँडची साथ निवडते.

इथून वाचकांचे दोन तट पडले, ते आजतागायत आहेत. एक तट म्हणतो, लेखिकेने टॅमलिनचा घात केला, पहिल्या भागात इतका चांगला दाखवलेला माणूस दुसऱ्या भागात मुद्दाम वाईट केला. दुसरा म्हणतो, तो पहिल्यापासून तसाच होता, तुम्ही डोळे झाकून वाचलेत. जगभर लाखो मुली यावर भांडतात. वारणानगरच्या होस्टेलच्या खोल्यांतही हेच भांडण चालते. हे आम्हाला नंतर त्या मुलींनीच सांगितले.

आता पहिला मुद्दा. आपल्या चळवळीतल्या थोरांना वाटते, हे वाचन बंद केले पाहिजे. मुलींचे वाचन बंद करू पाहणारे कोण असतात, हे जरा बघा. २०२४ साली अमेरिकेतल्या युटा राज्याने सरकारी शाळांमधून १३ पुस्तके हद्दपार केली. त्यातली ६ याच लेखिकेची होती. कारण दिले अश्लीलतेचे. मुलींनी काय वाचावे हे ठरवणारी माणसे सगळ्या देशांत सारखीच असतात. आपल्याकडे तर पुस्तकावर बंदीची मागणी झाली की आपला माणूस लगेच सावध व्हायला हवा. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदूइझम' छापले तेव्हा राम-कृष्णावरचे परिशिष्ट काढून टाका म्हणून केवढा गदारोळ झाला! ते वाचवण्यासाठी १९८८ साली मुंबईत आपला महासागर रस्त्यावर उतरला. ज्या समाजाने एका परिशिष्टासाठी मोर्चा काढला, त्या समाजातल्या सरांनी पोरीच्या पिशवीची झडती घ्यावी?

आणि शिका हा आदेश देताना बाबासाहेबांनी शंभर पुस्तकांची यादी देऊन बाकीच्यांना बंदी घातली नव्हती. हा माणूस पुस्तकांसाठी राजगृह बांधणारा. वाचणाऱ्या पोरीला हसणारा त्यांचा अनुयायी कसा?

पण मित्रांनो, आम्ही दुसऱ्या टोकालाही जाणार नाही. "ही फक्त गोष्ट आहे, मजा म्हणून वाचा, सगळीकडे जात आणू नका," असे आपलीच काही तरुण मंडळी म्हणतात. त्यांना आमचे सांगणे आहे की जात आम्ही आणत नाही, ती पानापानावर आधीच बसलेली आहे. ही दुनियाच बघा. यात 'हाय फे' नावाचे उच्चकुळी आहेत, त्यांच्यात राजे होतात. बाकीच्या सगळ्यांना 'लेसर' म्हणजे हलके असे नाव आहे. ते राबतात, सेवा करतात आणि वर्षातून दोनदा राजापुढे उभे राहून वसुली भरतात. तळाशी माणसे, ज्यांना शतकानुशतके गुलाम केलेले होते. लेखिकेला आपली जातव्यवस्था माहीत होती असा आमचा दावा नाही. उतरंड दिसल्यावर ती ओळखायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही, एवढेच म्हणणे आहे.

या दुनियेत जेस्मिंडा नावाची एक मुलगी आहे. किती जणींना ती आठवते? ती पुस्तकात कधी समोर येतच नाही. ती आधीच मेलेली आहे. टॅमलिनचा मित्र ल्युसियन हा एका राजाचा मुलगा. त्याचे प्रेम जेस्मिंडावर बसले, आणि जेस्मिंडा होती हलक्या कुळातली. राजाने तिला ठार मारले. ल्युसियनच्या भावांनी त्याला धरून ठेवले आणि त्याला ते बघायला लावले. पहिल्या भागात चार-दोन परिच्छेदांत हे सांगून होते आणि कथा पुढे जाते.

आम्ही त्या मुलींना विचारले, टॅमलिन चांगला की रिसँड, यावर तुम्ही रात्र रात्र जागता. जेस्मिंडावर कधी भांडलात? त्या गप्प झाल्या. एकजण म्हणाली, "ती तर साईड कॅरेक्टर आहे ना." मग तिचीच मान खाली गेली.

बरोबर आहे. जेस्मिंडा नेहमीच साईड कॅरेक्टर असते. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या नितीन आगेला मारले. कारण सांगितले गेले ते वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याचे. खटला उभा राहिला, साक्षीदार फिरले, २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार फिरणे हीसुद्धा एक प्रतिक्रियाच असते. गावाने वाचलेल्या गोष्टीवरची प्रतिक्रिया. 'ते साईड कॅरेक्टर होते, कथा पुढे जाऊ द्या.' आणि लांब कशाला जायचे? २०१५ च्या डिसेंबरात आपल्याच कोल्हापुरात, कसबा बावड्यात, जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याला मुलीच्या भावांनी घरात जाऊन संपवले. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, त्याच कोल्हापुरात. ल्युसियनला धरून ठेवणारे भाऊ परीकथेतले नाहीत. ते आपल्याकडे मोटारसायकलवरून येतात.

आता दुसरी गोष्ट बघा. फेयरा माणसाची पोर. टॅमलिन उच्चकुळी. दोघांच्या मध्ये कुळाची भिंत. लेखिका ती भिंत कशी पाडते? पाडतच नाही. पहिल्या भागाच्या शेवटी फेयरा मरते आणि सात राजे आपापल्या शक्तीचा थेंब देऊन तिला जिवंत करतात. कशात? 'हाय फे' मध्ये! म्हणजे बेटीव्यवहाराचा प्रश्न सोडवलाच नाही, नायिकेची जात बदलून टाकली. हलकी राहिलेली जेस्मिंडा मेली, वरची झालेली फेयरा राणी झाली. वाचक टाळ्या वाजवतात, कारण सुखान्त झाला.

बाबासाहेबांनी १९१६ च्या मे महिन्यात, वयाच्या २५ व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला त्याचा गाभा हाच आहे. जात म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती. ही सक्ती टिकवायची तर बाईवर पहारा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याचीच साधने, असे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. म्हणजे कोणी कोणावर प्रेम करायचे हा विषय पोरकट नाही. जातीचे यंत्र नेमके तिथेच चालते. त्या दिवशी आमच्या बैठकीत एकीकडे १९१६ चा निबंध होता आणि दुसरीकडे ही प्रेमकथा होती. दोन्हींचा विषय एक होता. आम्ही निबंध उघडला आणि पोरीला हसलो. याला काय म्हणावे?

पुढे १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' लिहिताना बाबासाहेब आणखी एक पाऊल पुढे गेले. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय आहे, पण ज्या शास्त्रांनी माणसाच्या डोक्यात जात पवित्र करून ठेवली आहे त्या पावित्र्यावर घाव घातल्याशिवाय लोक तो उपाय करणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. एक पोर आणि एक पोरगी पळून गेली म्हणजे जात गेली, असे होत नाही. भिंत तशीच ठेवून एकीला भिंतीवरून आत घेतले, तर ती सवलत झाली. आपल्या होस्टेलमधल्या पोरी आडनाव विचारले की विषय बदलतात, खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावायला कचरतात. त्यांनाही कुठेतरी वाटत असते की आपण 'त्यांच्यातल्या' झालो की कथा सुखी होईल. फेयराचे वरच्या कुळात जाणे त्यांना गोड वाटते ते यामुळे. त्यांच्यावर आम्ही रागावणार नाही. ज्या समाजात आडनावावरून भाड्याची खोली ठरते तिथे पोरगी आडनाव लपवेल नाहीतर काय करेल? पण ते गोड का वाटते, हे तिला कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट, वसुलीची. दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. टॅमलिनच्या दरबारात वसुलीचा दिवस. पाण्यात राहणारी एक हलक्या कुळातली बाई येते आणि सांगते, तळ्यात मासेच उरले नाहीत, आम्हीच उपाशी आहोत, द्यायला काही नाही. टॅमलिन म्हणतो, तीन दिवसांत भर, नाहीतर पुढच्या वेळी दुप्पट. फेयरा धावत जाऊन अंगावरचे दागिने तिला देते. यावरून टॅमलिन संतापतो. त्याचे म्हणणे, नियम म्हणजे नियम, एकाला सूट दिली की सगळे मागतील.

ऊसपट्ट्यातल्या आमच्या पोरांनो, हा प्रसंग ओळखीचा वाटला नाही? मराठवाड्यातून आलेले नवरा-बायको आपल्याकडे 'एक कोयता' म्हणून मोजले जातात. दोन माणसे मिळून एक हत्यार! मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फिटली नाही की पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. त्याच्याही आधी आपल्या बापजाद्यांच्या मानेवर महारवतन होते. तुकडाभर जमिनीच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ते मोडले आणि बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणले. 'वहिवाट म्हणजे वहिवाट' हे उत्तर आपण पिढ्यानपिढ्या ऐकले आहे.

बहुतेक वाचक या प्रसंगात काय बघतात? टॅमलिन फेयरावर ओरडला हे बघतात. ओरडला ते वाईटच. पण तळ्यातले मासे संपले तरी वसुली चालू आहे, यावर कोण ओरडते? आणि कथा वाचलेल्यांना आठवत असेल, पुढे फेयरा बुडत असताना तिला वाचवायला धावतात त्या याच पाण्यातल्या बाया. हलक्या म्हटलेल्यांनी उपकार फेडला. उच्चकुळींनी मात्र वसुली सोडली नाही.

चौथी गोष्ट आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. टॅमलिनने कोंडले म्हणून ज्या वाचकांनी त्याला धारेवर धरले, ते रिसँडला कोणते माप लावतात? पहिल्या भागात रिसँडने फेयराला रोज रात्री नशेची दारू पाजून भर दरबारात नाचवले. दुसऱ्या भागात त्याने सांगितले की ते तुझ्या रक्षणासाठी होते, आणि वाचकांनी माफ केले. पुढे २०२१ च्या 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स'मध्ये फेयरा गरोदर असताना बाळंतपणात तिचा जीव जाणार हे तो तिच्यापासूनच लपवून ठेवतो. तेव्हा बरेच वाचक चिडले. पण कितीतरी जण तरीही म्हणाले, तो प्रेमापोटी वागला.

प्रेमापोटी! टॅमलिनही हेच म्हणत होता. बहिणीचा मोबाईल काढून घेणारा भाऊही हेच म्हणतो. एकच कृत्य, पण लाडक्याने केले तर माया आणि नावडत्याने केले तर जुलूम. गुन्हा कोणता हे न बघता तो कोणी केला हे बघून शिक्षा ठरवायची, ही पद्धत कोणत्या ग्रंथातली आहे हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला. कागद जळला, माप मात्र शिल्लक राहिले. ते आपल्या आवडीनिवडीतही शिल्लक आहे. चळवळीतला 'आपला' नेता बायकोला मारतो तेव्हा आपण काय म्हणतो ते आठवा. आम्हीही गप्प बसलेलो आहोत. म्हणून हे लिहिताना आमची मान ताठ नाही.

यावर एक आक्षेप येईल. तो आमच्याच एका मित्राने घेतला. "एवढ्या खोल जाऊन परीकथा वाचायची तर मग खरे साहित्य कधी वाचायचे?" याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा काय केले? मासा, कासव, डुक्कर, नरसिंह या अवतारांच्या चमत्कारिक कथा घेतल्या आणि विचारले, यात जिंकले कोण आणि मारले कोण? वामनाने पाताळात घातलेला बळीराजा त्यांनी परत आमच्या बाजूने उभा केला. बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये तेच केले. चमत्काराला हसून सोडले नाही, त्याला साध्या नीतीचे प्रश्न विचारले. म्हणजे अद्भुत कथा खालच्या पायरीवर उभे राहून वाचणे ही आपली दीडशे वर्षांची विद्या आहे. आज आपल्या पोरी ज्या अद्भुत कथा वाचतात त्या न्यूयॉर्क-लंडनमधून छापून येतात, एवढाच फरक.

आणि गोडीचे काय? गोडी पाप नाही. या वारणेच्याच खोऱ्याने अण्णाभाऊ साठेंना गोष्टी दिल्या. 'वारणेचा वाघ', 'फकिरा' यात साहस आहे, थरार आहे, माया आहे. कष्टकऱ्यांनी त्या आवडीने वाचल्या. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांना रंजकतेची लाज वाटली नाही, कारण त्यांचा नायक कोणत्या पायरीवर उभा आहे हे त्यांना पक्के माहीत होते.

आता शेवटी सैराटची गोष्ट. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला आला, म्हणजे या कादंबरीच्या चारच दिवस आधी. महाराष्ट्र झिंगाटवर नाचला, अजूनही वरातीत नाचतो. शेवटचे दृश्य, रक्तात भिजलेली ती इवलीशी पावले, त्यावर किती वराती थांबल्या? सिनेमाने सगळे दाखवले होते. आपण अर्धेच पाहिले. कथा कितीही सांगो, समाज आपल्याला हवे तेवढेच वाचतो. म्हणून लढाई फक्त काय लिहिले जाते याची नाही, कसे वाचले जाते याचीही आहे.

१९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' म्हणून वारणेच्या खोऱ्यातल्या सत्तरेक गावांत सरकारने संगणक पोहोचवले. ऊसवाल्या शेतकऱ्याला नोंद, वजन, बिल गावातच कळावे म्हणून. ज्याच्या नावावर ऊस नव्हता त्याला त्या पडद्यावर बघायला फारसे काही नव्हते. आज त्याच्या नातीच्या हातात मोबाईल आहे आणि ती सहाशे पानांची इंग्रजी कादंबरी वाचते. आजोबाला बिल वाचता येत नव्हते, नात परक्या भाषेत राजांचे दरबार वाचते. ही आपल्या लढ्याची कमाई आहे. तिच्यावर हसणे म्हणजे आपल्याच कमाईवर थुंकणे.

आम्ही त्या तिघींकडे गेलो आणि माफी मागितली. सरही आले. पुस्तक घेऊन गेले, वाचून परत देतो म्हणाले. पुढच्या बैठकीत १९१६ चा निबंध आणि ही कादंबरी सोबत ठेवायची ठरली आहे. मांडणी त्या मुलीच करणार आहेत, आम्ही ऐकणार. त्यांनी तीन प्रश्न आधीच काढून ठेवले आहेत. ते तुम्हीही कोणत्याही गोष्टीला, सिनेमाला, मालिकेला विचारून बघा. यात मेले कोण आणि कोणासाठी रडले गेले? हे सगळे उभे आहे ते कोणाच्या राबण्यावर? आणि आपल्या लाडक्याला आपण कोणते माप लावले?

जेस्मिंडासाठी पुस्तकात कोणी फारसे रडले नाही. वारणानगरच्या एका खोलीत तरी तिचे नाव घेतले जाईल.

जय भीम!